घरातली आगगाडी : किती लहान आणि किती रुंद?

दिवाळीच्या किल्ल्याला प्रमाणाचे बंधन नसते, हे एक फार बरे आहे. आमच्या आचोळ्यातल्या इमारतींच्या आवारांत दरवर्षी मुले विटा, माती आणि गोणपाट यांचा किल्ला रचतात, त्यावर अळीव पेरतात आणि मग बाजारातून आणलेले मावळे जागोजाग उभे करतात. त्यातला एखादा मावळा महादरवाजापेक्षा उंच असतो. बुरुजावरची तोफ त्याच्या गुडघ्याला लागते. गडाखालच्या गावातली गवळण डोक्यावरच्या घागरीसकट माचीवरच्या पहारेकऱ्याच्या नजरेला नजर देऊन उभी असते. पण पाहणाऱ्यांपैकी एकालाही त्यात वावगे वाटत नाही. किल्ला श्रद्धेने पाहावयाचा असतो, पट्टी लावून नव्हे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या चिरंजीवांनी, ते तेव्हा सातवीत होते, या किल्ल्याभोवती आगगाडी फिरवावयाचे मनात आणले आणि त्या दिवशी आमच्या घरात पट्टी शिरली. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. आकड्यांशी माझा संबंध उत्तरपत्रिकांवरच्या गुणांपुरता. तरीही गेली तीन वर्षे मी भागाकार करीत आहे, आणि त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख. खेळातली आगगाडी घ्यावी असे ज्यांच्या मनात आहे, त्यांचे थोडे पैसे आणि बरेच दुःख यामुळे वाचेल अशी आशा आहे.

आगगाडीचे वेड आमच्या घरात नवे नाही. आचोळे हे नालासोपाऱ्याच्या पूर्वेचे गाव. गाव म्हणायचे ते आता सवयीने. तळे आहे, चार जुनी घरे आहेत, बाकी साऱ्या इमारती. रात्री रस्ता निवला की पश्चिमेकडून गाड्यांचा आवाज येतो. ही रेल्वेलाइन जुनी. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत लोकल गाडी सुरू झाली, तेव्हापासून या पट्ट्यातली माणसे घड्याळापेक्षा गाडीवर अधिक विश्वास ठेवतात. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, रेल्वेत गँगमन म्हणून लागले आणि मुकादम होऊन निवृत्त झाले. सारा जन्म रूळ तपासण्यात गेला. आता वय अठ्याहत्तर. आमची इमारत चार मजल्यांची, लिफ्ट नाही आणि आम्ही राहतो चौथ्यावर. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून अप्पा खाली उतरलेले नाहीत. गाडीचा आवाज ते रोज ऐकतात. रूळ मात्र त्यांनी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. घरात आगगाडी येणार म्हटल्यावर नातवाच्या बरोबरीने आजोबाही खाटेवर उठून बसले, हे सांगावयास नकोच.

पहिली फजिती

माझा एक मावसभाऊ जर्मनीत असतो. त्याला पत्र धाडले, तेव्हा त्याने मोठ्या प्रेमाने एक चिमुकले इंजिन आणि दोन डबे पाठवून दिले. रूळ मात्र ओझे होईल म्हणून पाठवले नाहीत. "तिकडे मिळतीलच," असे त्याने लिहिले. मी मुंबईत एका दुकानात गेलो. दुकानदाराला म्हणालो, "छोट्या आगगाडीचे रूळ हवेत." त्याने विचारले, "किती?" मी म्हणालो, "किल्ल्याभोवती एक फेरी होईल इतके." एवढ्या संभाषणावर चार हजारांचा व्यवहार झाला.

घरी येऊन पाहतो तो इंजिनाची चाके रुळांवर बसेनात. ती दोन्ही रुळांच्या आत उतरली आणि इंजिन स्लीपरांवर पोट टेकून बसले, म्हशीच्या गव्हाणीत करडू बसावे तसे. परत दुकानात गेलो. भिंतीवर पाटी होतीच : विकलेला माल परत घेतला जाणार नाही. दुकानदार म्हणाला, "साहेब, तुमची गाडी एन आहे, रूळ एचओ आहेत. तुम्ही सांगितलं नाहीत." चूक त्याची की माझी, यावर चर्चा करण्यात अर्थ नव्हता. एन म्हणजे काय आणि एचओ म्हणजे काय, हे शोधणे एवढेच हाती होते.

दोन शब्दांची फोड

सारा घोटाळा दोन शब्दांचा आहे : प्रमाण आणि गेज.

प्रमाण म्हणजे खरी वस्तू किती पटींनी लहान केली ते. नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलेले असते तसेच. १:८७ याचा अर्थ खऱ्या गाडीची ८७ मिलिमीटर लांबी येथे १ मिलिमीटर झाली. हा हिशेब एकट्या इंजिनाचा नव्हे. डबा, सिग्नल, फलाट, फलाटावरचा हमाल आणि त्याच्या डोक्यावरची ट्रंक, सर्वांना तोच लागू. साडेपाच फुटांचा माणूस १:८७ मध्ये सुमारे १.९ सेंटिमीटर उंच असतो; १:१६० मध्ये जेमतेम १ सेंटिमीटर.

गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर. ते फक्त रुळाचे माप आहे. वर कोणती गाडी धावते आहे याच्याशी त्याचे काही देणेघेणे नाही. आपण 'ब्रॉडगेज'ला रुंदमापी आणि 'नॅरोगेज'ला अरुंदमापी म्हणतो, ते याच मापावरून.

आता गंमत अशी की खोक्यावर छापलेले 'एन' किंवा 'एचओ' हे अक्षर या दोन्ही गोष्टी एका दमात सांगते, आणि म्हणून घेणाऱ्याला त्या एकच वाटतात. सर्वसाधारणपणे प्रचारात असलेली मापे येणेप्रमाणे :

जी : प्रमाण १:२२.५, गेज ४५ मि.मी.
ओ : प्रमाण १:४३.५ (इंग्लंड), १:४५ (युरोप), १:४८ (अमेरिका), गेज ३२ मि.मी.
ओओ : प्रमाण १:७६, गेज १६.५ मि.मी.
एचओ : प्रमाण १:८७, गेज १६.५ मि.मी.
टीटी : प्रमाण १:१२०, गेज १२ मि.मी.
एन : प्रमाण १:१६० (इंग्लंडात १:१४८), गेज ९ मि.मी.
झेड : प्रमाण १:२२०, गेज ६.५ मि.मी.

ही अक्षरे कोठून आली, हे भाषेच्या मास्तराला विचारल्याशिवाय राहवेना. १८९१ साली मार्क्लिन या जर्मन खेळणी-कारखान्याने लाइपझिगच्या जत्रेत रुळांची ठरावीक मापे मांडली आणि त्यांना आकडे दिले. एक नंबर, दोन नंबर, असे ते मोठे होत जात. पुढे एकाहून लहान माप निघाले, त्याला शून्य म्हटले. त्या शून्याचा इंग्रजी बोलणाऱ्यांनी 'ओ' केला. मग शून्याच्याही निम्मे माप निघाले, ते 'हाफ-ओ', म्हणजे एचओ. शून्याचे निम्मे कसे होते, हा प्रश्न गणिताच्या प्राध्यापकांनी सोडवावा. एन हे अक्षर मात्र सरळ आहे. ९ मिलिमीटरमधल्या 'नाइन'चे, आणि जर्मन भाषेतही नऊच्या शब्दाचे ते पहिले अक्षर.

वरच्या यादीत आणखी एक गोष्ट चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आली असेल. ओओ आणि एचओ यांचे प्रमाण वेगळे, पण गेज एकच. असे कसे? इंग्लंडातली खरी इंजिने युरोपातल्यांपेक्षा अंगाने लहान. त्यांना १:८७ ने लहान केले तर आत त्या काळची विजेची मोटर मावेना. तेव्हा कारागिरांनी गाडीचे अंग थोडे वाढवले आणि रूळ होते तेच ठेवले. परिणाम असा झाला की इंग्रजांची खेळातली गाडी आजही प्रमाणाच्या हिशेबाने चार फूट साडेआठ इंचांऐवजी चार फूट दीड इंचाच्या रुळावर धावते. सात इंच कुठे गेले, असे बहुतेक कोणी विचारीत नाही. ज्यांना राहवत नाही ते १८.२ किंवा १८.८३ मिलिमीटरचे रूळ स्वतः हाताने घालतात. असे हट्टी लोक तिकडे शेकड्यांनी आहेत, हे वाचून मला हसू आले होते. पुढे ते हसू मावळले.

अप्पांचा शेरा

एचओचे रूळ घरात पडले होतेच. महाविद्यालयातल्या एका सहकाऱ्याकडे आपल्याकडच्या डिझेल इंजिनाची एचओ प्रतिकृती होती. भारतीय गाड्यांच्या प्रतिकृती मिळतात त्या प्रायः याच प्रमाणाच्या. ते इंजिन चार दिवसांसाठी मागून आणले, हॉलमध्ये जमिनीवर रूळ मांडले, वीज जोडली, आणि इंजिन धावू लागले. चिरंजीव नाचू लागले. घरची मंडळी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

अप्पांना खुर्चीवर बसवून आणले. त्यांनी इंजिनाकडे पाहिलेच नाही. "थांबव ते," म्हणाले. मग वाकून, चष्मा कपाळावर चढवून, एक डोळा मिटून त्यांनी रुळाच्या टोकाकडून लांबवर नजर लावली, वाकडेपणा तपासताना लावीत तशी. आणि म्हणाले, "गेज टाइट आहे."

"अप्पा, हे खेळण्यातले आहे," मी म्हणालो.

"असेल. पण इंजिन आपले आहे ना? मग रूळ आपला नाही. हे इंजिन या रुळावर उभे राहणार नाही."

मला वाटले, वयाचा परिणाम. साडेसोळा मिलिमीटरांत कमी-जास्त काय दिसणार? पण रात्री सगळे निजल्यावर कागद घेतला. आपल्या रुंदमापी रेल्वेचे गेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे पाच फूट सहा इंच. त्याला ८७ ने भागले, उत्तर आले १९.३. रूळ होता १६.५ चा. फरक २.८ मिलिमीटर. खऱ्या रुळावर तो होतो २४ सेंटिमीटर! १६.५ मिलिमीटरचा रूळ १:८७ ने मोठा केला तर १४३५ मिलिमीटर येतो. ते युरोप-अमेरिकेचे 'स्टँडर्ड' गेज. म्हणजे आपले इंजिन परदेशी रुळावर उभे होते, आणि ज्या माणसाने उभ्या हयातीत हातात गेज धरून लाइन तपासली, त्याच्या एका डोळ्याने ते पकडले होते.

सकाळी मी हिशेब त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी आकडे पाहिले आणि चहा मागितला.

आपला रूळ इतका रुंद का?

१८५३ साली, १६ एप्रिलला, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती याच रुंद रुळावर. इंग्लंडात तेव्हा स्टीव्हन्सनचे चार फूट साडेआठ इंचांचे गेज रुळले होते. हिंदुस्थानासाठी मात्र गव्हर्नर जनरल डलहौसीच्या मते सहा फूट हवे होते, तर सरकारी सल्लागार इंजिनिअर सिम्स याने साडेपाच फूट सुचवले. कंपनी सरकारने साडेपाच मान्य केले. पुढे खर्च परवडेना, म्हणून १८७० नंतर मीटरगेज आले. आणखी स्वस्तात काम व्हावे म्हणून अडीच फुटी आणि दोन फुटी रूळ आले. अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली धावू लागली. दोन फुटी नेरळ–माथेरान १९०७ साली झाली. ती आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधली. १९९२ पासून सारे रूळ रुंदमापी करण्याची मोहीम निघाली आणि बार्शीची लाइनही आज रुंदमापी झाली आहे. माथेरानची तेवढी आपल्या दोन फुटांवर टिकून आहे.

आणि आता उलटा प्रकार सुरू आहे. २०१४ साली वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाली ती १४३५ मिलिमीटरच्या गेजवर. अंधेरीला लोकलमधून उतरून मेट्रोत बसणारा माणूस जिना चढता चढता दीडशे वर्षांपूर्वीचा वाद ओलांडून जातो आणि त्याला त्याची गंधवार्ताही नसते. आमच्या तालुक्यात विरारला ज्या मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचे स्थानक होऊ घातले आहे, तिचे गेजही १४३५च.

हा इतिहास सांगावयाचे कारण असे की खेळातली गाडी निवडणाऱ्या मराठी माणसाला तो टाळता येत नाही. दुकानातले रूळ बहुतेक सगळे १४३५ ला धरून केलेले. मग आपल्याकडची कोणती गाडी कोणत्या रुळावर खरी दिसेल? माझ्या भागाकारांतून निघालेली उत्तरे अशी :

मेट्रो एचओ प्रमाणात करून १६.५ मि.मी.च्या रुळावर घातली तर ती अगदी बिनचूक.

बार्शीची जुनी अडीच फुटी गाडी, म्हणजे ७६२ मि.मी., १:८७ ने लहान केली तर ८.८ मि.मी. येते. तिला एनचा ९ मि.मी.चा रूळ जवळजवळ तंतोतंत लागतो. अंग एचओचे, पाय एनचे. युरोपातही अरुंदमापी गाड्या अशाच करतात.

माथेरानची दोन फुटी, म्हणजे ६१० मि.मी., १:८७ मध्ये ७ मि.मी. होते. तिला झेडचा ६.५ चा रूळ चालून जाईल.

मीटरगेजची गाडी १:८७ मध्ये ११.५ मि.मी.; तिला टीटीचा १२ चा रूळ. मोठ्या जी मापाची ४५ मि.मी.ची गाडीही मुळात मीटरगेजचीच नक्कल आहे, २२.५ ने गुणून पाहावे.

उरली आपली रोजची लोकल. १६७६ ला १६.५ ने भागले तर १०१.६ येते. म्हणजे गाडीचे अंग सुमारे १:१०२ प्रमाणात घडवले तर ती दुकानातल्या रुळावर बरोबर बसेल. पण मग फलाट, माणसे, सिग्नल, झाडे, सारे १:१०२ चे स्वतः करावे लागेल. एचओची माणसे त्या गाडीपुढे धिप्पाड दिसतील, आमच्या किल्ल्यावरच्या मावळ्यांसारखी.

निवड कशी करावी?

येथपर्यंत आलेला वाचक विचारील, मग घ्यावे काय? मी चार कसोट्या सांगतो.

पहिली कसोटी जागेची. लोकलचा एक डबा सुमारे २१ मीटरांचा. बारा डब्यांची गाडी धरा जवळजवळ २५० मीटर. ती ओ मापात होते पावणेसहा मीटर, एचओत २ मीटर ८७ सेंटिमीटर, एनमध्ये १ मीटर ५६, झेडमध्ये १ मीटर १४. आमचा हॉल दहा फूट बाय बारा फूट. बारा फूट म्हणजे ३ मीटर ६६. त्यात एचओची बारा डब्यांची लोकल फलाटाला लावली, तर दोन्ही टोकांना वळण घ्यायला भिंत आडवी येते. आणि वळणे हा वेगळाच प्रश्न. रुंदमापी लाइनवर अगदी तीव्र वळण म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचे. १:८७ ने ते २ मीटर होते. नुसते वर्तुळच चार मीटरचे! दुकानात मिळणारे एचओचे वळण ३६ ते ४४ सेंटिमीटर त्रिज्येचे असते. खरी लोकल अशा वळणावर पाय ठेवणार नाही. खेळातली ठेवते, पण लांब डबा वळणावर दोन्हीकडून बाहेर डोकावतो. म्हणून पुष्कळ कारखाने डबे थोडे आखूड करून विकतात. घर लहान असेल आणि लांब गाडीचीच हौस असेल, तर एन बरे. एचओला लागणाऱ्या जागेच्या तिसऱ्या हिश्श्यात एनचा तोच देखावा मांडता येतो.

दुसरी कसोटी आवडीची. तुम्हाला गाडी पाहावयाची आहे की गाडीतला मुलूख? घाट, पूल, शेते आणि त्यातून जाणारी लांब गाडी हवी, तर लहान प्रमाण घ्या. इंजिनाचा एकेक खिळा पाहावयाचा असेल, तर मोठे घ्या. या दोहोंच्या मध्ये एचओ येते. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले आणि १९९८ साली सुरू झालेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे, ते एचओ प्रमाणाचे. चिरंजीवांना घेऊन मी ते पाहून आलो. तेथे एक गोष्ट ध्यानात आली. चार-पाच फुटांवर बसलेल्या पाहुण्यांनाही गाडी सबंध दिसते आणि तिच्या खिडक्याही दिसतात. एचओ जगात सर्वांत अधिक चालते, त्याचे एक कारण हेच असावे.

तिसरी कसोटी सामानाची. ज्या मापाचे रूळ, सांधे आणि सुटे भाग मिळतात तेच माप घ्यावे, आणि एकदा घेतले की बदलू नये. गेज जुळले म्हणजे सारे जुळले असेही समजू नये. मार्क्लिनच्या एचओ गाड्या रुळांच्या मध्ये बसवलेल्या खुंट्यांवरून वीज घेतात. इतरांच्या गाड्या दोन रुळांवरून. दोघींचे गेज १६.५च, पण एकीचे सामान दुसरीला चालत नाही. डबे जोडण्याच्या कड्याही वेगवेगळ्या असतात. दुकानात गेल्यावर तीन प्रश्न विचारावेत : प्रमाण कोणते, गेज किती आणि वीज कशी घेते. मी एकही विचारला नव्हता.

चौथी कसोटी कोणत्याही पुस्तकात मला आढळली नाही. ती आमच्या घरी सापडली.

अप्पांची बोटे

पहिल्या तीन कसोट्यांनी आमचा निकाल एनच्या बाजूने लागत होता. हॉल लहान, इंजिन आणि दोन डबे जर्मनीहून आलेले. नऊ मिलिमीटरचे रूळ आणले की झाले. चिरंजीवांनी यादीही केली. त्या संध्याकाळी सहज म्हणून एनचा एक डबा अप्पांच्या हातात दिला. तेरा-चौदा सेंटिमीटरांचा डबा, चाके डाळीच्या दाण्याएवढी. ज्या हातांनी हातोडा चालवला त्या हातांना आता थोडा कंप आहे. टेबलावर ९ मिलिमीटरची रेघ काढली आणि चाके त्या रेघेवर ठेवा म्हटले. त्यांनी तीनदा प्रयत्न केला. मग डबा हळूच नातवाच्या हातात दिला आणि म्हणाले, "हे तुझ्या बोटांचे आहे."

चिरंजीवांनी यादी फाडली. मी त्याला काही सांगितले नव्हते.

एचओचा डबा चोवीस सेंटिमीटरांचा. तो अप्पांच्या हातात नीट बसतो आणि चाके रुळावर ठेवताना कड हाताला लागते. तेव्हा एचओ ठरले. बारा डब्यांची लोकल गेली. तीन डब्यांची शटल आली. रूळ घरात होतेच, त्यामुळे माझे चार हजारही वाया गेले नाहीत, हे सौभाग्यवतींनी दोनदा बोलून दाखवले. जर्मनीचे एन इंजिन कपाटात आहे. त्याला पुढे कधी बार्शीच्या गाडीचे अंग चढवावयाचा चिरंजीवांचा बेत आहे.

राहिला गेजचा प्रश्न. अप्पांनी तो सोडला नव्हता. सात इंचांसाठी हट्ट धरणाऱ्या इंग्रजांना मी हसलो होतो; आता तसाच एक गृहस्थ आमच्या घरी खाटेवर बसला होता. दुसऱ्या दिवाळीच्या आधी दोन महिने त्यांनी मला फर्मावले, "मला एकोणीस पूर्णांक तीनची पट्टी करून आण." भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्याकडून व्हर्निअर आणून पितळी पत्र्याच्या तुकड्याला तेवढ्या मापाची खाच पाडून घेतली. एका जादा रुळाच्या तुकड्यातून पोलादी पट्ट्या सोडवल्या. खरा स्लीपर पावणेतीन मीटरचा. ८७ ने तो ३२ मिलिमीटर होतो. चिरंजीवांनी काडेपेटीच्या काड्या त्या मापाने कापल्या. किलोमीटरला १६६० स्लीपर, म्हणजे दोन स्लीपरांत साठ सेंटिमीटर, इथे सात मिलिमीटर. हे आकडे अप्पांना तोंडपाठ होते, भागाकार नातवाचे. तीस सेंटिमीटरच्या लाइनला, म्हणजे तेरा मीटरच्या दोन रुळांइतक्या लांबीला, त्रेचाळीस काड्या लागल्या. नातू काडी चिकटवी, अप्पा पट्टी लावीत. कोठे पट्टी अडली की काडी उखडून पुन्हा. या कामाला सतरा दिवस लागले. त्या सतरा दिवसांत अप्पांनी गुडघ्यांची तक्रार केल्याचे मला आठवत नाही.

या लाइनवर इंजिन धावू शकत नाही. चाके आसावर बाहेर सरकवल्याशिवाय ते तिच्यावर बसणारही नाही. अप्पांना इंजिन नकोच होते. त्यांनी टिचबटणांची चाके करून चार चाकांची एक ट्रॉली केली. साहेब वर बाकावर बसतात आणि गँगमन मागून ढकलतात ती. ती हाताने ढकलली की त्या तीस सेंटिमीटरांवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते. एवढेच तिचे काम.

गेल्या दिवाळीत आमचा किल्ला गॅलरीत झाला, कारण अप्पांना आवारात उतरता येत नाही. किल्ल्याभोवती दुकानातल्या अरुंद रुळावर तीन डब्यांची शटल फिरत होती आणि पायथ्याशी, वेगळ्या फळीवर, काडेपेटीच्या स्लीपरांची ती खरी रुंदमापी लाइन होती. शेजारची मुले पाहावयास आली. त्यांतला एक चौकस मुलगा म्हणाला, "आजोबा, तुमचा मावळा तर इंजिनापेक्षा मोठा आहे. ते चूक नाही का?"

अप्पा हातातली पितळी पट्टी रुळांत घालून पाहत होते. मान वर न करता म्हणाले, "बाळा, किल्ल्याला गेज नसतो. रुळाला असतो."